हत्ती निघतो, शेपूट अडतं

पत्र असं आहे: "शाळेत असताना एका मासिकात लाल डॅटसन २४० झेडचं चित्र पाहिलं होतं. ते पान अजून माझ्याकडे आहे. आता गाडी घेण्याइतके पैसे साठलेत आणि दोन गाड्या पाहून ठेवल्यात, दोन्ही १९७२च्या. पहिलीचा रंग नवा, इंजिन नुकतंच उघडून बांधलेलं, पहिल्या चावीला सुरू होते. पण बंपर नाहीत, आतलं बरंच सामान गायब आहे आणि मूळ कार्ब्युरेटर काढून तीन मोठे बसवलेत. मालक म्हणतो, किरकोळ वस्तू आहेत, मिळून जातील. दुसरी पंधरा वर्षं शेडमध्ये उभी आहे. रंग उडालाय, इंजिन जाम आहे, पण सामान सगळं जागच्या जागी. मित्र म्हणतात, पहिलीच घे. मी आजवर कधी गाडी उघडलेली नाही. कोणती घेऊ? सुटे भाग कुठून आणू? की जपानहून थेट गाडीच मागवू?" खाली सही आहे: दोन गाड्यांमध्ये अडकलेला.

दुसरी घ्या. मात्र एक अट आहे, ती पुढे सांगतो. ती पुरी होत नसेल तर दोन्ही सोडा आणि तिसरीची वाट बघा.

मित्रांचं म्हणणं मला समजतं. चालती गाडी सोडून बंद गाडी कुणी का घ्यावी? पण जुनी जपानी गाडी उभी करताना माणूस इंजिनापाशी अडत नाही, हे मी बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत पाहिलंय. डॅटसन हा निसानचाच ब्रँड. तुमच्या झेडमधलं एल२४ हे निसानच्या 'एल' घराण्यातलं सहा सिलिंडरांचं इंजिन आहे. बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, बेल्टऐवजी टायमिंग चेन. या घराण्यातली चार आणि सहा सिलिंडरांची इंजिनं निसानने वर्षानुवर्षं कितीतरी मॉडेलांत घातली. त्यामुळे पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, गॅस्केटं, वॉटर पंप हे सगळं आजही नवं मिळतं. शिवाय जाम झालेलं इंजिन म्हणजे मेलेलं इंजिन नव्हे. सहाही स्पार्क प्लग काढायचे, प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं तेल ओतायचं आणि आठवडाभर तिकडे फिरकायचं नाही. मग क्रँक पुलीच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून हळूहळू मागेपुढे हलवायचं. स्टार्टर मारून ते सोडवायला जाऊ नका, रिंगा तुटतात. बरीच इंजिनं अशीच सुटतात. नाहीच सुटलं तर उघडायचं, आणि ते कसं उघडायचं हे जाणणारे मेकॅनिक मिळतात.

हत्ती असा निघून जातो. शेपूट अडतं ते वेगळ्याच ठिकाणी: काचेभोवतीची चकचकीत पट्टी, डिकीच्या दाराचं बीडिंग, डॅशबोर्डमधलं घड्याळ, हीटरच्या कळांचा पॅनेल, दाराच्या आतल्या अस्तराच्या क्लिपा. हे सगळं फक्त याच गाडीचं असतं, दुसऱ्या कुठल्या मॉडेलचं आणून बसवता येत नाही. या पिढीच्या झेडचा डॅशबोर्ड उन्हाने तडकतो. न तडकलेला मूळ डॅशबोर्ड ज्याच्याकडे आहे, तो सहसा सोडत नाही. पहिल्या गाडीचा मालक ज्या वस्तूंना किरकोळ म्हणतो, त्या गोळा करण्यात तुमची दोन-तीन वर्षं सहज जातील आणि तोवर ती सुंदर रंगवलेली गाडी बंपरावाचून उभी राहील. मोडलेली वस्तू हातात असली की दुरुस्त करता येते, निदान तिचं माप तरी घेता येतं. हरवलेली वस्तू मुळात कशी दिसत होती, इथपासून सुरुवात करावी लागते.

कार्ब्युरेटरचंही तेच. १९७२च्या झेडवर हिताचीने एसयू या ब्रिटिश कार्ब्युरेटरच्या धर्तीवर बनवलेले दोन गोल डोक्याचे कार्ब्युरेटर यायचे. साधे, समजायला सोपे आणि नीट जुळवले तर वर्षानुवर्षं कुरकुर न करणारे. पुढे १९७३ला चपट्या डोक्याचे आले. ते लोकांना इतके त्रासदायक वाटले की अनेकांनी ते काढून आधीचे गोल बसवले. म्हणजे तुमच्या वर्षाचे कार्ब्युरेटर पुढच्या वर्षांचे मालकही शोधत असतात. पहिल्या गाडीचा मालक ते काढलेले दोन कार्ब्युरेटर खोक्यात घालून देणार असेल तर गोष्ट थोडी बदलते. नसेल देत, तर त्याची किंमत मनातल्या मनात वजा करा.

आता अट. पत्रा.

सत्तरच्या दशकातल्या जपानी गाड्यांचा पत्रा पातळ होता आणि गंजापासून त्याला फारसं संरक्षण नव्हतं. झेड तर मोनोकॉक आहे. वेगळी चॅसिस नाही, सगळा भार पत्र्याच्याच पेट्यांवर. म्हणून इथला गंज हा दिसण्याचा प्रश्न नाही, गाडी सरळ राहील का याचा प्रश्न आहे. बॉनेट उघडा आणि आधी बॅटरीचा ट्रे बघा. तिथून वर्षानुवर्षं आम्ल झिरपतं आणि नेमकं खालच्या रेलवर, म्हणजे पुढचा भार पेलणाऱ्या पत्र्याच्या लांब पेटीवर पडतं. ट्रे गळलेला दिसला तर रेल खालून चाचपल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग वायपरखालची जाळी. तिथे पाला-कचरा साचतो, पाणी तुंबतं आणि पत्रा आतून कुजतो, बाहेरून काही दिसत नाही. पुढच्या मडगार्डचा चाकामागचा खालचा भाग, दार संपून मागचं चाक सुरू होतं तो कोपरा, डिकीचं दार ज्यावर टेकतं तो कठडा, स्टेपनीचा खड्डा, हे सगळं हाताने तपासा. आतले गालिचे उचला. फरशीवर डांबरासारखी आवाज दाबणारी चटई चिकटवलेली असते. तिच्याखाली ओल साचते, आणि वरून घट्ट वाटणारी चटई कधीकधी खालच्या भोकाला धरून बसलेली असते. (पुढे ती काढायची वेळ आली तर वर ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड पसरा आणि हातोडीने ठोका, खापरीसारखी निघते. तापवून खरवडत बसलात तर पाठ जाईल. खिडक्या-दारं मात्र उघडी ठेवा, त्या वायूने बंद जागेत जीव गुदमरतो.)

सोबत एक छोटं चुंबक न्या, त्याला मऊ कापड गुंडाळा आणि रंगावरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पुट्टी आहे. पहिल्या गाडीवर हे मुद्दाम करा. नव्या रंगाखाली काय आहे हे फक्त रंगवणाऱ्याला ठाऊक असतं, आणि रंग उडालेली गाडी निदान खोटं बोलत नाही. शेवटची परीक्षा सोपी आहे. दाराच्या फटी नीट बघून ठेवा, मग एका बाजूला जॅक लावून गाडी उचला. फट बदलली किंवा दार अडकायला लागलं तर खालच्या पेट्यांत दम राहिलेला नाही. तुमची दुसरी गाडी या परीक्षेला उतरली आणि बॅटरीखालची रेल शाबूत निघाली, तर घ्या. मडगार्ड, फरशी, कोपरे यांचे पत्रे नवे मिळतात आणि चांगला वेल्डर ते बसवतो. पण रेल, वायपरखालचा भाग आणि मागचा कठडा असे तिन्ही गेले असतील तर आयुष्यातली पहिली जुनी गाडी म्हणून ती नको. पत्र्याचं काम शिकायला ती जागा नव्हे.

पैसे देण्याआधी कागदावरचा आणि गाडीवरचा चॅसिस नंबर ताडून बघा. एचएस३० म्हणजे उजव्या स्टिअरिंगची २४० झेड आणि एचएलएस३० म्हणजे डाव्या. जपानी बाजारातल्या गाड्यांना तेव्हा सतरा अंकी नंबर नसायचा, मॉडेलचा संकेत आणि पुढे अनुक्रमांक एवढंच. हा संकेत वाचायला शिकणं फार मोलाचं आहे, कारण जुन्या जपानी गाड्यांत वेशांतरं पुष्कळ. हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठीही सांगतो. टोयोटाच्या एई८६मध्ये १.६ लिटरचं ४ए-जीई इंजिन होतं. तिचीच भावंडं एई८५ दिसायला जवळपास तशीच, पण १.५ लिटरची. अनेक एई८५ना नंतर मोठ्या भावाचं इंजिन बसवलं गेलं. निसानच्या जुन्या स्कायलाइनमध्येही जीटी-आर म्हणजे केपीजीसी१०, आणि तिचा वेश घेतलेली साधी जीटी म्हणजे केजीसी१०. एका अक्षराचा फरक. अशी गाडी वाईट नसते, पण ती काय आहे हे माहीत असून घ्यावी. जपानी कागदांवर साल त्यांच्या राजकालगणनेत असतं. शोवा सालात १९२५ मिळवा, हेइसेई सालात १९८८. शोवा ४७ म्हणजे तुमचं १९७२.

जपानहून थेट गाडी मागवायचं विचारलंत. मागवता येते, आणि चांगल्या गाड्या तिथे आहेतही. पण आपली पहिलीवहिली जुनी गाडी न पाहता घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथल्या लिलावात गाडीसोबत तपासणीचा कागद असतो. त्यावर गाडीचा नकाशा काढून खुणा केलेल्या असतात: ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्तीनंतर उरलेली लहर, एस म्हणजे गंज, सी म्हणजे त्याहून खोल पोखर. अक्षरापुढचा आकडा जितका मोठा तितकं दुखणं मोठं. वरच्या कोपऱ्यात आर किंवा आरए असेल तर गाडी अपघातातून दुरुस्त झालेली. हा कागद उपयोगी आहे, पण बॅटरीखालच्या रेलमध्ये बोट घालून पाहण्याची जागा तो घेऊ शकत नाही. शिवाय मागवण्याआधी आपल्या देशाचा आयातीचा कायदा वाचावा लागतो. अमेरिकेत तिथल्या मानकांप्रमाणे न बनलेली गाडी आणायला ती २५ वर्षं जुनी लागते, कॅनडात १५. प्रत्येक देशाचं गणित निराळं. आणि निर्यातीसाठी नोंदणी रद्द केल्याचा जपानी दाखला गाडीसोबत आला नाही तर पुढची नोंदणी अडकते.

सुटे भाग मात्र जपानहून जरूर मागवा. तिथूनच नाही, सगळीकडूनच. २४० झेड सर्वांत जास्त विकली गेली उत्तर अमेरिकेत, त्यामुळे जुन्या भागांचा सर्वांत मोठा साठाही तिथेच आहे. अडचण एवढीच की तो डाव्या स्टिअरिंगचा. तुमची गाडी उजव्या स्टिअरिंगची असेल तर डॅशबोर्ड आणि स्टिअरिंगशी जोडलेलं सामान जपान, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इथून शोधावं लागेल.

शोधायचं ते नावाने नाही, नंबराने. निसानच्या भागाचा नंबर पाच अधिक पाच असा असतो. पहिले पाच अंक तो भाग कसला आहे ते सांगतात, पुढचे पाच तो कुणाला बसतो ते. ऑइल फिल्टरचा नंबर १५२०८ने सुरू होतो, मग तो कुठल्याही निसानचा असो. टोयोटाचंही असंच, ०४४६५ म्हणजे पुढचे ब्रेक पॅड. एखादा नंबर बंद झाला म्हणून सांगितलं तर लगेच हताश होऊ नका. जुन्या नंबराच्या जागी नवा आलाय का हे विचारा, बऱ्याचदा आलेला असतो. आणि ऑर्डर देताना '१९७२चं मॉडेल' एवढं सांगून भागत नाही. चॅसिस नंबर आणि बनावटीचा महिना सांगा, कारण निसान वर्षाच्या मध्येच बदल करत असे. १९७१मध्ये गिअरबॉक्स बदलला आणि डिफरन्शियलही थोडं मागे सरकलं. सुरुवातीच्या गाड्यांच्या डिकीच्या दारावरच्या जाळ्या पुढे नाहीशा झाल्या. तुमच्या गाडीच्या मागच्या बाजूला कधीकाळी १९७१च्या सुरुवातीच्या गाडीचं दार बसवलेलं असेल, तर तुमच्या सालाचे भाग तिथे जुळणार नाहीत, आणि तुम्ही विक्रेत्याला दोष देत बसाल.

कंपनीच्या डब्यात नसेल तर तो भाग मुळात बनवणाऱ्याच्या डब्यात बघा. क्लच आणि पंप आयसिन, ब्रेक अकेबोनो, शॉक ॲब्सॉर्बर केवायबी, बेअरिंग एनएसके, कोयो किंवा एनटीएन. जपानी कंपन्या यांच्याकडूनच माल घेत आल्यात. अलीकडे गाड्यांच्या कंपन्याही जुन्या मॉडेलांचे भाग पुन्हा बनवू लागल्यात. माझदाने पहिल्या पिढीच्या एमएक्स-५साठी हे काम २०१७मध्ये जाहीर केलं, त्याच वर्षअखेरीस निस्मोने, म्हणजे निसानच्याच शर्यतीच्या शाखेने, आर३२ स्कायलाइन जीटी-आरचे भाग आणले, आणि २०२०पासून टोयोटाने सुप्रा आणि २००० जीटीचे. मला याचा मनापासून आनंद आहे. पण निस्मोच्या त्या यादीवर तुमच्या झेडचा भरवसा ठेवू नका.

नंतर बनवलेल्या नकली भागांबद्दल एकच सांगतो: जुना भाग फेकू नका, नवा बसून महिना होईपर्यंत तरी नाही. मी एकदा दाराचं नवं बीडिंग चिकटवलं आणि जुनं त्याच दिवशी टाकून दिलं. नवं रबर कडक आणि जरा जाड निघालं. दार लागेना, लागलं तर उघडेना. जुनं फाटकं असतं तरी निदान त्याचा छेद बघून दुसऱ्या कुणाकडून तसं मागवता आलं असतं.

जपानच्या लिलावी संकेतस्थळांवर परदेशातून थेट बोली लावता येत नाही, मध्यस्थ सेवा घ्यावी लागते. तिचं शुल्क, तिथला टपाल खर्च, समुद्रमार्गाचा खर्च असं सगळं धरून मगच बोली ठरवा. मोठ्या, हलक्या वस्तूंना टपाल वजनावर नाही तर आकारावर लागतं, डॅशबोर्ड मागवताना हे फार झोंबतं. काही जपानी शब्द ओळखीचे करून घ्या. 'क्यूशा' म्हणजे जुनी गाडी. 'जुन्सेई' म्हणजे कंपनीचा अस्सल भाग. 'शिनपिन' नवा, 'चूको' वापरलेला. 'बुहिन-तोरी' म्हणजे सुटे भाग काढण्यापुरती उरलेली गाडी. आणि 'जंक' असं लिहिलेलं असेल तर विक्रेता म्हणतोय की चालेल याची हमी नाही आणि परत घेणार नाही. बोली लावायला हरकत नाही, तक्रारीला जागा नाही.

हत्यारांविषयी तुम्ही विचारलं नाहीत, पण हे न सांगता पत्र संपवलं तर मला चैन पडणार नाही. जपानी गाडीतले चौफुलीचे स्क्रू साध्या फिलिप्स स्क्रूसारखे दिसतात, पण ते जपानी मानकाचे, जेआयएसचे असतात. पुष्कळदा डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, त्यावरून ओळखू येतात. फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर उसळतं आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतं. कार्ब्युरेटरच्या पितळी आणि मऊ स्क्रूंचं तर वाटोळंच होतं. जेआयएस स्क्रू ड्रायव्हरचा एक संच आधी घ्या, बाकी सगळं नंतर. दुसरं, आटे. १० मिलिमीटरच्या बोल्टला जपानी गाडीत बहुधा १.२५ मिलिमीटर अंतराचे आटे असतात, बाहेर सर्रास मिळणारा बोल्ट १.५चा. दोन वेढे जातो आणि मग अडकतो. तिथे थांबा. ऑइल प्रेशरच्या सेन्सरचं तर याहून कठीण. जपानी ब्लॉकमध्ये इंचाला २८ आटे, बाजारातल्या अनेक मीटरांसोबत येणाऱ्या अमेरिकी सेन्सरला २७. हाताला जवळजवळ बरोबर वाटतं. पाना लावून आवळला की ब्लॉकचेच आटे जातात, कधी तडाही जातो. जोडणीचा योग्य अडॅप्टर मिळतो, तो घ्या.

गाडी घरी आली की ती सगळी एकदम सोडवू नका. अर्धवट सोडवून खोक्यांत भरलेल्या आणि मग तशाच विकल्या गेलेल्या गाड्यांची संख्या बघून वाईट वाटतं. आधी फोटो काढा, नंतर पाना उचला. प्रत्येक जागेचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर जागेचं नाव. हे नट-बोल्ट मुळात सोनेरी-पिवळ्या झिंक मुलाम्याचे असतात. स्वच्छ करून एकदम एका खेपेत प्लेटिंगला द्या, म्हणजे रंग एकसारखा येतो, आणि देण्याआधी वजन करून मोजून द्या. गाडी रंगाला देतानाही आतल्या क्लिपा, पट्ट्या, बिल्ले स्वतः काढून घरी ठेवा. माझ्या एका गाडीच्या क्लिपांची पिशवी रंगाच्या ठिकाणी गहाळ झाली. तेवढ्या क्लिपा पुन्हा जमवायला मला जो काळ लागला, त्यात रंग दोनदा झाला असता.

कामाचा क्रम माझ्या मते असा: ब्रेक आधी, मग पेट्रोलची टाकी आणि रबरी नळ्या, मग इंजिन. पंधरा वर्षं उभ्या गाडीच्या टाकीत गंज असतो आणि जुन्या नळ्या आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये लवकर फुटतात. थांबू न शकणारी गाडी सुरू करून काय मिळवायचं?

पैशाचं तुम्ही विचारलेलं नाही, तरी मित्र विचारतीलच. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात निसानच्या अमेरिकेतल्या कंपनीने स्वतः जुन्या २४० झेड विकत घेऊन, नव्यासारख्या करून आपल्याच शोरूममधून विकायची योजना काढली होती. गाडीमागे खर्च विक्रीच्या किमतीच्या वर जायला लागला आणि थोड्या गाड्यांनंतर योजना बंद पडली. भाग, कारागीर, कागद सगळं हाताशी असलेल्या कंपनीची ही गत. तुम्ही ही गाडी नफ्यासाठी घेत नाही आहात. ते पान जपून ठेवलंत म्हणून घेताय, आणि तेवढं कारण मला पुरेसं वाटतं.

या रविवारी शेडमध्ये पुन्हा जा. चुंबक, टॉर्च, जॅक आणि जुने कपडे घेऊन जा. मालकाला सांगून बॅटरी आणि तिचा ट्रे काढा, खालची रेल बोटांनी चाचपा, वायपरखालची जाळी उघडा, गालिचे उचला. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर बनावटीचा महिना दिसला तर टिपून घ्या आणि चॅसिस नंबराच्या सुरुवातीची अक्षरंही. रेल शाबूत असेल तर तिथेच बयाणा द्या. नसेल तर रेलचा आणि मागच्या कठड्याचा फोटो मला पाठवा. कितपत गेलंय ते बघून पुढचं सांगतो.